बाळाच्या रक्तात शिसं निघालं, घरात शोधायचं कुठे?

मुक्ता_एडिसन

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांची वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लेक तेरा महिन्यांची आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे एक आणि दोन वर्षांच्या टप्प्यावर प्रत्येक मुलाची शिशासाठी रक्ततपासणी करावी लागते, तसा कायदाच आहे. बोट टोचून घेतलेल्या रक्तात ८.१ आलं. मग शिरेतून रक्त घेतलं, त्यात ६.४ (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर). लेक मजेत आहे. खाते, रांगते, सोफा धरून उभी राहते. कसलंच लक्षण नाही.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "भारतातून मसाले आणता का?" मला आधी रागच आला, कारण आमचं घर भाड्याचं आणि जुनं आहे. अमेरिकेत घराच्या रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, हे घर त्याच्या बरंच आधीचं. मग पहिला संशय आमच्या हळदीवर का? पण घरी येऊन यादी करायला बसले आणि रागाची जागा भीतीने घेतली. आईने पाठवलेली हळद आणि काळा मसाला, सासूबाईंनी दिलेलं कल्हईचं पितळी पातेलं, काजळाची डबी, देवघरातलं कुंकू, गुटीचा डबा, शिवाय खिडकीचा पोपडे निघालेला रंग. यातलं नेमकं काय? कुणी यातून गेलंय का?

---

नाना_डोंबिवली

मुक्ताताई, काळजी करू नका. आम्ही हळदीचं दूध पीत, मारुतीचा शेंदूर कपाळाला लावत, पितळेच्या पातेल्यातली आमटी ओरपत मोठे झालो. सत्तरीत आहे, शब्दकोडं अजून पेनाने सोडवतो. अमेरिकेतले डॉक्टर तपासण्या करून घाबरवतात. (हलके घ्या.)

---

बालरोग_पुणे

मुक्ता, आधी धीर देते. ६.४ ला औषध नसतं आणि लागतही नाही. शिसं शरीराबाहेर काढणारी औषधं साधारण ४५ च्या पुढे देतात. तुमच्या हातात एकच उपाय आहे आणि तो खात्रीचा आहे. शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं. रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य सुमारे महिनाभराचं असतं, त्यामुळे मार्ग बंद झाला की आकडा उतरायला लागतो. मात्र हाडांत बसलेलं शिसं वर्षानुवर्षं राहतं, म्हणून "बघू पुढच्या तपासणीला" असं करायचं नाही.

मुलांचंच रक्त का तपासतात? पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांपेक्षा चार-पाच पट अधिक शिसं मुलांचं शरीर शोषून घेतं. त्यात रांगतं मूल दिवसभर जमीन चाटून आल्यासारखं हात तोंडात घालतं. आणि अंगात लोह कमी असेल तर आतडं शिसं आणखी हावरटासारखं उचलतं, कारण दोघांची वाट बरीचशी एकच आहे. म्हणून लेकीचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) करून घ्या. नाचणी, पालेभाजी, वर लिंबू पिळलेलं वरण, हे सगळं इथे औषधासारखंच आहे.

नाना, तुमच्याशी भांडत नाही. पण "लक्षण नाही" हीच शिशाची खोड आहे. १९६० च्या दशकात ६० पर्यंत चालतं असं मानत. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) काळजीची रेघ १० वर आणली, २०१२ मध्ये ५ वर, २०२१ मध्ये ३.५ वर. मुलं नाजूक झाली म्हणून नव्हे, मोजमाप बारीक झालं म्हणून.

---

हरिपूरकर

हळदीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या सांगलीच्या हळदीत. शेतातनं आलेला गड्डा आणि हळकुंड शिजवून वाळवलं की वरनं मातकट, खरबरीत दिसतं. मग ते ड्रममध्ये घालून फिरवायचं. त्याला पॉलिश म्हणतात. साल घासून निघते, आतला पिवळा दिसतो. शेवटच्या फेरीला हळदीच्याच पुडीचं पाणी मारलं की झळाळी येते. इथपर्यंत सगळं चोख.

घोळ होतो तो या शेवटच्या फेरीत. माल पावसात सापडला, काळवंडला, तर झळाळी हळदीच्या पाण्याने येत नाही. तिथं कुणीतरी पिवळी पावडर आणतो. सगळे करतात असं म्हणणार नाही, आमच्या बाजारात चोख काम करणारेच जास्त. पण गिऱ्हाईकानं पिवळंधमक मागायचं आणि दर मातकटाचा द्यायचा, मग पिवळं येणार कुठनं? पूर्वी हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) माल वर्षं-वर्षं राहायचा, रंग टिकायचा. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली.

ताई, एक करा. भुकटीपेक्षा हळकुंड आणा, ते पण पॉलिश न केलेलं, मातकट. घरी धुऊन, वाळवून दळा. दिसायला गरीब असतं.

---

आम्लराज

हरिपूरकरांनी म्हटलेली पिवळी पावडर म्हणजे लेड क्रोमेट. रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या रंगात वापरलं जाणारं रंगद्रव्य. हे फक्त आपल्याकडचं नाही. बांगलादेशात याचा सगळ्यात चांगला माग काढला गेलाय. स्टॅनफर्डच्या जेना फोरसायथ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी संस्थेचे लोक ग्रामीण भागातल्या गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं कुठून येतं ते शोधत होते. आधी संशय कीटकनाशकांवर, डब्याच्या डाखावर. शेवटी धागा हळदीच्या पॉलिशपर्यंत गेला. पुरात हळद भिजून फिकी पडली तेव्हा, १९८० च्या दशकात, व्यापाऱ्यांनी हा रंग वापरायला सुरुवात केली, असं त्यांना बाजारातूनच कळलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत भेसळ होती. मग तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गिरण्यांवर छापे घातले, दंड केले, पेपरात बातम्या आल्या, बाजारात नोटिसा लागल्या. २०२१ मध्ये तो आकडा शून्यावर आला. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. मला तरी अन्नभेसळीच्या विषयात इतकं झटपट यश दुसरं आठवत नाही.

भारतात एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) हळदीतल्या शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा, अशी आहे. २०२४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेतल्या २३ शहरांतून हळद तपासली. सुमारे १४ टक्के नमुने २ पीपीएमच्या वर. पाटण्यातला एक नमुना दोन हजारांच्याही वर. वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं.

पाण्यात टाकून, तळहातावर चोळून ओळखायचे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्यावर विसंबू नका. शिसं प्रयोगशाळेतच कळतं.

---

थंडीवाला

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २००८ ते २०१७ या काळात मसाल्यांचे सुमारे दीड हजार नमुने तपासले होते, बहुतेक शिसं वाढलेल्या मुलांच्याच घरांतले. अर्ध्याहून जास्त नमुन्यांत शिसं सापडलं, तीस टक्क्यांहून जास्त २ पीपीएमच्या वर. आणि इथल्या दुकानातून घेतलेल्या मसाल्यांपेक्षा मायदेशातून बॅगेत भरून आणलेल्यांत जास्त. यात जॉर्जियापासून मोरोक्कोपर्यंत सगळे आले, त्यामुळे आपल्याच अंगाला लावून घ्यायचं कारण नाही. पण "आईने पाठवलेलं म्हणजे शुद्धच" हा आपला हिशोब तिथे चालत नाही. आई शुद्ध, पण आईचा दुकानदार कोणाकडून घेतो?

---

कोकणातली_काकू

मुक्ता, काजळ कुठलं आहे ते बघ. एरंडेलाच्या दिव्यावर ताट धरून पाडलेलं काजळ म्हणजे काजळी, कोळसा. त्यात शिसं यायचं कारण नाही. (डोळ्यात बोट घालून ते भरू नये हे वेगळं, जंतूंमुळे.) पण सुरमा म्हणून जो मिळतो तो पुष्कळदा चक्क शिशाचं खनिज दळून केलेला असतो. बिननावाची डबी असेल तर फेकून दे.

गुटी मी स्वतः उगाळून दोन नातवंडांना दिली. वेखंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग. सगळं अख्खं आणि ओळखीचं. तयार पूड किंवा गोळी असेल आणि आत काय आहे ते लिहिलेलं नसेल, तर मी देणार नाही. आयुर्वेदावर माझा विश्वास आहे म्हणूनच सांगते.

---

बालरोग_पुणे

काकूंना अनुमोदन. २००४ मध्ये बॉस्टनच्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० तयार आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. म्हणजे पाचात एक. त्यावर दोन्ही बाजूंनी खूप आरडाओरडा झाला. माझ्यापुरती गोष्ट साधी आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला भस्म (धातू-खनिज जाळून केलेली पूड) असलेलं काहीही द्यायचं नाही. कोण वैद्य किती मोठा, यावर मी वाद घालत बसत नाही.

---

आम्लराज

पातेल्याबद्दल राहिलं. कल्हई खरी कथलाची असते. पातेलं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने पुसत कथील फिरवतात. कथील महाग आणि शिसं स्वस्त, शिवाय दोन्ही कमी उष्णतेला वितळतात, त्यामुळे कथलात शिसं खपवणं सोपं. त्यातून पितळ कातायला सोपं जावं म्हणून त्यातच थोडं शिसं घालतात. चिंच, कोकम, टोमॅटो त्यात उकळले की ते सुटतं. पातेलं शोभेला ठेवा, आमटी स्टीलमध्ये करा.

आणि नानांच्या शेंदराबद्दल. पारंपरिक शेंदूर म्हणजे लेड टेट्रॉक्साइड. लोखंडाला गंज लागू नये म्हणून जो लाल प्रायमर मारत तोच. हल्ली पुष्कळ ठिकाणी दुसरे रंग वापरतात, पण डबीवर लिहिलेलं नसतं. देवाला लावा, बाळाच्या कपाळाला नको. बाळ तो पुसतं आणि बोट चोखतं. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतून तसंच मुंबई-दिल्लीहून सिंदुराचे नमुने घेऊन २०१७ मध्ये निष्कर्ष छापले, बहुतेक नमुन्यांत थोडंफार शिसं होतंच.

---

नाना_डोंबिवली

देवाच्या शेंदरापर्यंत आलात म्हणजे आता उरलं काय? एक सरळ प्रश्न विचारतो. सहा आकडा आला तर नुकसान किती? बुद्धी किती कमी होते? आकड्यात सांगा. आणि हे सिद्ध कोणी केलं? गरीब घरातल्या मुलांत शिसं जास्त, त्यांचे गुणही कमी. मग दोष शिशाचा की गरिबीचा?

---

बालरोग_पुणे

नाना, हा प्रश्न चांगला आहे. शास्त्रज्ञ यावरच चाळीस वर्षं भांडले. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरने शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, कारण दातात शिसं साठतं. ज्यांच्या दातात जास्त, ती मुलं बुद्ध्यंकात आणि वर्गातल्या लक्षात मागे, असं १९७९ मध्ये त्याने दाखवलं. शिशाच्या उद्योगाच्या बाजूच्या लोकांनी त्याच्यावर गैरवर्तनाची तक्रार केली, चौकशा झाल्या, तो त्यातून सुटला. तुमचा गरिबीचा मुद्दा तेव्हाही काढला गेला. म्हणून पुढच्या अभ्यासांत आईचं शिक्षण, घरचं वातावरण, जन्माचं वजन हे सगळं हिशोबात धरून पाहिलं. २००५ मध्ये सात ठिकाणच्या १३३३ मुलांची माहिती एकत्र केली तेव्हा रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर जाताना बुद्ध्यंक सरासरी ३.९ ने उतरलेला दिसला. आणि खालच्या टप्प्यातच घसरण जास्त तीव्र होती.

एका मुलात हे ओळखू येत नाही. मुक्ताची लेक हुशारच निघेल, तिला कुणी "शिशामुळे मागे" म्हणणार नाही. पण एका शहरातल्या सगळ्या मुलांचे चार-चार गुण गेले तर तो वर्ग वेगळा दिसतो.

आणि तुमच्या "आम्हाला काही झालं नाही" बद्दल. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं देशभर बंद झालं ते २००० साली. त्याच्या आधी, १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई-दिल्लीच्या तीन वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासलं होतं. जवळपास निम्मी मुलं १० च्या वर. म्हणजे तुमच्या नातवंडांच्या आधीची डोंबिवली-दादरची निम्मी पोरं. त्यांना "काही झालं नाही" म्हणायला तुलना करायला दुसरी पोरं होती कुठे?

---

संत्राबर्फी

मी नागपूरची. वाचत होते, पण आता राहवत नाही. आमच्या वस्तीच्या मागे बॅटऱ्या फोडतात ना. इन्व्हर्टरच्या, ऑटोच्या जुन्या बॅटऱ्या. रात्री भट्टी लावतात, सकाळी पत्र्यावर राखाडी धूळ बसलेली असते. माणसं त्याच कपड्यात घरी येतात, लेकराले कडेवर घेतात. मी अंगणवाडीत मदतीला जाते. लेकरं चिडचिडी, पोट दुखते म्हणतात, भूक नाही. जंताची गोळी देतो, लोहाचं औषध देतो. शिशाची तपासणी कोणी केली नाही. असं काही असतं हेच मले या धाग्यावर कळलं.

मुक्ताताई, तुमच्या लेकीचं लवकर बरं होवो. पण तुमच्याकडे ६.४ ला एवढी धावपळ होते. इथल्या लेकरांचं किती असन?

---

आम्लराज

संत्राबर्फी, तुम्ही लिहिलंत ते या सगळ्या धाग्यापेक्षा मोठं आहे. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांनी २०२० मध्ये अंदाज मांडला होता की जगातली सुमारे ८० कोटी मुलं ५ च्या वर आहेत, त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतात. जगभरातलं बहुतेक शिसं आता बॅटऱ्यांतच जातं आणि उघड्यावरच्या भट्ट्या हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. सेनेगलमध्ये डाकारजवळ एका वस्तीत २००७-०८ च्या सुमारास बॅटऱ्यांतलं शिसं मिसळलेल्या मातीने अठरा मुलं दगावली होती. गंमत म्हणजे नीती आयोगासोबत देशाच्या शिशावर २०२२ मध्ये अहवाल लिहिणारी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था तुमच्याच नागपुरात आहे. जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे नियमही आहेत. भट्टीपर्यंत कोण पोचतं हा प्रश्न उरतोच.

आत्ता करता येण्यासारखं सांगतो. कामावरचे कपडे-चपला घराबाहेरच काढायच्या, वेगळे धुवायचे. बाळाला घेण्याआधी अंघोळ. अंगणवाडीची फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, झाडून धूळ नुसती उडते. जेवणाआधी हात साबणाने. याने भट्टी बंद होणार नाही हे मलाही कळतं.

---

बालरोग_पुणे

आणि लोहाचं औषध सोडू नका. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत (२०१९-२१ चं सर्वेक्षण). त्यांच्या आतड्याला शिसं म्हणजे आयतं निमंत्रण. मेडिकल कॉलेजच्या बालरोग किंवा जनवैद्यक विभागात लेखी पत्र द्या. "बॅटरी भट्टीशेजारच्या दहा-पंधरा मुलांचं रक्तातलं शिसं तपासावं", एवढंच, अंगणवाडीताईंच्या सहीने. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय हवेच असतात, हे आतलं सांगते.

---

थंडीवाला

अवांतर: अंगणवाडी, बागेतले झोके, घसरगुंड्या यांच्या रंगाचं काय? घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत हवं हा नियम २०१६ चा, लागू २०१७ च्या नोव्हेंबरपासून. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे. लोखंडी झोक्याला कंत्राटदार कारखान्याचा रंग मारून गेला तर?

---

आम्लराज

तर तो नियमाबाहेर. बरोबर ओळखलंत.

---

मुक्ता_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. आरोग्य विभागाची माणसं येऊन गेली, निकालही आला. हातातल्या बंदुकीसारख्या यंत्राने भिंती, चौकटी, भांडी तपासली, मसाल्यांचे नमुने नेले.

हळद: ठीक. काळा मसाला: ठीक. आईला फोन करून सांगितलं, ती रडली आणि मग अर्धा तास रागावली. पातेलं: शिसं आहे. कुंकू: एका पुडीत नाही, दुसऱ्या बिननावाच्या पुडीत भरपूर. आणि सगळ्यात वाईट, खिडकी. सरकतं तावदान वर-खाली केलं की चौकटीवरचा जुना रंग घासून पीठ पडतं, आणि लेक नेमकी तीच चौकट धरून उभी राहते. घरमालकाला नोटीस गेलीय. तोवर ती खिडकी बंद, खाली ओलं फडकं, आणि लेकीचं बस्तान आतल्या खोलीत. फेरिटिनही कमी निघालं, थेंब सुरू केलेत.

म्हणजे डॉक्टरांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता आणि माझा रागही.

---

हरिपूरकर

हळद सुटली! आता सांगलीला या, मातकट हळकुंड फुकट.

---

नाना_डोंबिवली

माझ्याकडे देवघरात शेंदराची डबी आहे, नातू शनिवारी येतो. मुंबईत पदार्थ किंवा पूड तपासून देणारी प्रयोगशाळा कुणाला ठाऊक असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. शब्दकोडं माझं अजून पेनानेच आहे, हे नोंदवून ठेवतो.

---

आम्लराज

नाना, परीक्षणासाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेली अन्न किंवा धातू तपासणारी कुठलीही प्रयोगशाळा चालेल, "आयसीपी-एमएसवर शिसं" एवढं सांगा, ते धातू मोजायचं यंत्र आहे. तोवर डबी वरच्या फळीवर.

---

संत्राबर्फी

पत्र लिहून झालं. ताईंची सही मिळाली, दोन आयांच्या पण. सोमवारी मेडिकलला जाते. भट्टीवाल्याचा माणूस काल विचारत होता काय लिहून राहिल्या म्हणून. मी म्हटलं, जंताच्या गोळ्यांचं आहे.